अंडी खाणार कोण?

अर्थशास्त्र शिकवणाऱ्या मास्तराविषयी लोकांची एक भाबडी समजूत असते. याला पैशाचे गुपित ठाऊक असणार! दसरा आठ दिवसांवर आला की एस. टी. स्टँडवर कोणी ना कोणी मला गाठतोच. "सर, सोनं आत्ता घेऊ का दिवाळीपतोर थांबू?" मी आपला मोघम काहीतरी बोलतो. मग त्या गृहस्थाची नजर माझ्या झिजलेल्या चपलांवर जाते आणि त्याची समजूत आपोआप फिटते.

शिराळ्यात मी तीस वर्षे हा विषय शिकवला; थोडा शाळेच्या वरच्या वर्गांना, पुष्कळसा अकरावी-बारावीला. शिराळा म्हटले की बाहेरच्या माणसाला नागपंचमी आठवते. अभ्यासू माणूस असला तर समर्थांच्या अकरा मारुतींपैकी एक इथे आहे, हेही आठवते. एके काळी हा मुलूख सातारा जिल्ह्यात होता. १९४९ साली तो दक्षिण साताऱ्यात गेला आणि १९६० साली त्याच जिल्ह्याचे नाव सांगली झाले. पश्चिमेला चांदोलीचे डोंगर, त्यांवरचा धो धो पाऊस, खाली भात, भुईमूग आणि अलीकडे जिकडेतिकडे ऊस. घरटी एक माणूस मुंबईला, ही इथली जुनी रीत. गिरणीत, गोदीत, नाहीतर माथाडीत. अशा गावात अर्थशास्त्र शिकवायचे म्हणजे कोळ्याच्या पोराला पोहणे शिकवण्यासारखे आहे. पोराला पोहता येत असते. फक्त त्या हातवाऱ्यांना काय म्हणतात ते त्याला ठाऊक नसते.

आणि आमची पुस्तके नेमकी नावांपासूनच सुरू होतात! बारावीच्या पुस्तकात पहिल्यांदा सूक्ष्म आणि स्थूल अर्थशास्त्र, मग उपयोगिता विश्लेषण, मग मागणीची लवचिकता. 'घटत्या सीमान्त उपयोगितेचा सिद्धान्त' हे शब्द मी पहिल्यांदा फळ्यावर लिहीत असे तेव्हा मागच्या बाकांवर एक सामुदायिक उसासा ऐकू येई. बरे, उदाहरण कशाचे? सफरचंदाचे किंवा संत्र्याचे. पहिल्या सफरचंदाने अमुक इतके समाधान, दुसऱ्याने त्याहून कमी, तिसऱ्याने आणखी कमी. एका वर्षी एक मुलगा उभा राहिला आणि अगदी निरागसपणे म्हणाला, "सर, सफरचंद आमच्यात कोण आजारी पडलं तरच येतंय. एकच येतंय, आन् ते बी आजाऱ्याला. दुसरं कुठनं खायाचं?"

वर्ग हसला. पण मुलाचे म्हणणे खोटे नव्हते. मी सफरचंद पुसून टाकले आणि लग्नाची पंगत मांडली. जिलेबीचे पहिले कडे कसे लागते? दुसरे? पाचवे? आणि पाहुणा दोन्ही हात पानावर आडवे धरून "नको, नको" म्हणत असताना यजमान आग्रहाने जे सातवे कडे वाढतो, त्याची उपयोगिता किती? "उणे!" सगळा वर्ग एका आवाजात ओरडला. जे कोष्टक पाठ करायला आठवडा लागला असता ते पाच मिनिटांत झाले.

हे वाचून कोणी म्हणेल, यात नवे ते काय? उदाहरण घरचे द्यावे, हे तर प्रत्येक मास्तराला ट्रेनिंगला सांगतात. खरे आहे. पण मला विचाराल तर उदाहरण घरचे असणे ही फार वरवरची गोष्ट झाली. घरातला जो व्यवहार मुलाला नडतो आहे, तो वर्गात आणून त्याची उलटतपासणी करता आली पाहिजे. जिलेबीने हसू येते. पण जिलेबीवाचून कुणाचे घर बुडत नाही.

मराठीला हे शास्त्र काही काल-परवा भेटलेले नाही. लोकहितवादींनी १८४९ साली 'लक्ष्मीज्ञान' नावाचे पुस्तक काढले. (काय सुंदर नाव! 'अर्थशास्त्र' म्हटल्यावर पोरे पळतात. 'लक्ष्मीज्ञान' म्हटले असते तर पालकसुद्धा येऊन बसले असते.) पुण्याची गोखले अर्थशास्त्र संस्था १९३० साली उभी राहिली ती साताऱ्याच्या रावबहादूर काळे यांच्या देणगीतून, आणि तिचे पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ नुसते ग्रंथ लिहीत बसले नाहीत, विठ्ठलराव विख्यांबरोबर प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभारायला गेले. साताऱ्याच्या शाळेत शिकलेले बाबासाहेब आंबेडकर १९१८ साली मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. त्याच वर्षी त्यांनी शेतीच्या लहान तुकड्यांवर एक निबंध प्रसिद्ध केला. तुकडा लहान म्हणून शेती तोट्यात, असे सरसकट म्हणू नका. त्या तुकड्यावर भांडवल किती आणि किती माणसे पोसायची आहेत ते पाहा. शेतीवरचा माणसांचा भार उद्योगधंद्यांकडे वळवा, असा त्यांचा रोख होता. मी हा निबंध दर वर्षी वर्गात सांगत असे. चार एकरांचे तीन भावांत वाटप फळ्यावर काढले की, मुंबईला गेलेल्या चुलत्याचे नाव खातेफोडीत का असते आणि बांधावर का नसते, हे मुलेच मला समजावून देत.

असो. उसाकडे वळू.

शिराळ्याच्या पोराला उसाचे बिल कळते, पण ते घरच्या बोलण्यातून तुटक तुटक कळलेले असते. पहिली उचल, एफ. आर. पी., रिकव्हरी, तोडणी-वाहतूक. हे सगळे शब्द मी एकदा फळ्यावर मांडले. केंद्र सरकारने २०२५-२६ च्या हंगामासाठी सव्वादहा टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये दर ठरवला. म्हणजे टनाला ३५५० रुपये. सव्वादहा टक्के उतारा म्हणजे एका टनातून साखर निघणार साडेएकशे दोन किलो. साखरेचा किमान विक्री दर फेब्रुवारी २०१९ मध्ये किलोला ३१ रुपये ठरला होता. करा गुणाकार. ३१७७ रुपये ५० पैसे.

मी बारावीला शिकवणे सोडले त्यानंतरची ही आकडेमोड. हल्ली घरी येणाऱ्या मुलांना घालतो. पण ती घातली की जे घडते ते तीस वर्षांत बदललेले नाही. आधी शांतता. मग कोणीतरी म्हणते, "सर, उसालाच साडेतीन हजार द्यायचं, आन् साखरंचं येणार एकतीसशे? मग कारखाना चालतोय कसा?" हा प्रश्न मुलाच्या तोंडून निघाला की मास्तराचे निम्मे काम झाले! मग बाजारातला साखरेचा भाव किमान दराच्या वर किती असतो ते पाहायचे. चिपाडावर वीज होते, मळीपासून अल्कोहोल आणि इथेनॉल होते. एका खर्चातून चार माल निघाले तर कोणत्या मालावर किती खर्च टाकायचा? हा प्रश्न पदवीच्या वर्गातल्या विद्यार्थ्यालाही घाम फोडतो. आमची पोरे त्यावर तावातावाने भांडतात, कारण भांडण त्यांच्या घरच्या पैशाचे असते.

एकदा मात्र हे भांडण मला पुस्तकाच्या पलीकडे घेऊन गेले. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात असे आहे की, ऊस घातल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यावेत; न दिल्यास वर्षाला पंधरा टक्के व्याज. एका मुलाच्या वडिलांचे दोन लाखांचे बिल एका कारखान्याकडे मुदतीनंतर त्र्याहत्तर दिवस अडकले होते. वर्गाने हिशेब केला. त्र्याहत्तर दिवस म्हणजे वर्षाचा बरोबर पाचवा भाग. व्याज झाले सहा हजार. पोरगा खुशीत घरी गेला. दुसऱ्या दिवशी आला तो गप्प. विचारले तर म्हणाला, "आबा म्हणालं, व्याज मागाय गेलो तर फुडच्या साली तोड कोण देणार? तुझा मास्तर?"

आता असे पाहा. मक्तेदारी म्हणजे एकच विक्रेता, हे पुस्तकात ठळक अक्षरांत आहे. पण तोडलेला ऊस दोन दिवसांत वाळायला लागतो. तो घेऊन लांब जाता येत नाही. तेव्हा जवळचा एकच गिऱ्हाईक असला की, विकणारे हजार असूनही सत्ता गिऱ्हाइकाची. ही उलटी मक्तेदारी आबांनी एका वाक्यात सांगितली होती. मी ते वाक्य फळ्यावर लिहिले आणि त्याखाली व्याख्या लिहिली. कायद्यातला हक्क आणि तो मागण्याची ताकद या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हे त्या दिवशी वर्गाला कळले. आणि कळल्यावर मुलांचे चेहरे काही फारसे आनंदी नव्हते.

असाच आणखी एक तास मला आठवतो. विषय होता सार्वजनिक खर्च. एखादे काम करावे की नाही हे ठरवताना लाभ आणि खर्च यांचे दोन रकाने कसे मांडतात, हे मी चांदोलीच्या धरणावरून दाखवत होतो. वारणेवरचे हे धरण चौतीस टी. एम. सी. चे. लाभाचा रकाना भराभर भरला. बागायत, वीज, पिण्याचे पाणी, पूर थोपवणे, पुढे वाकुर्ड्याच्या उपसा योजनेतून वर चढवलेले पाणी. खर्चाचा रकाना आला. सिमेंट, माती, मजुरी, बुडालेल्या जमिनीची किंमत. तेवढ्यात एका मुलाने हात वर केला. त्याचे घराणे धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या गावातले. त्याचा जन्मही खालच्या वसाहतीतला, गाव त्याने पाहिलेलेच नाही.

"सर, आमचं देऊळ किती रुपयाला धरायचं?"

त्याच्याच बाकावर बसलेल्या मुलाची दोन एकर जमीन त्याच पाण्यावर भिजते. दोघे मित्र. त्यानेही मान वर केली आणि माझ्याकडे पाहिले. मी पुस्तकी उत्तर दिले नाही. मी त्यांना इतकेच सांगितले की, ज्याची किंमत रुपयांत मांडता येत नाही त्याची ओळ रकान्यातून गाळायची नाही. आकड्याच्या जागी शब्द लिहून ती ओळ तशीच ठेवायची, म्हणजे बेरीज करणाऱ्याला निदान दिसत तरी राहील. लाभ ज्याचा तो एक आणि खर्च ज्याचा तो दुसरा असेल, तर दोन नावेही लिहायची. परीक्षेत असे उत्तर लिहिलेत तर गुण मिळतील की नाही, सांगता येत नाही, हेही सांगितले. मुलांना अशा गोष्टी स्पष्ट सांगितलेल्या बऱ्या.

परीक्षेची गोष्ट निघालीच आहे म्हणून सांगतो. आमच्याकडे चांगले मार्क पडलेला मुलगा सायन्सला जातो आणि उरलेल्यांच्या वाट्याला अर्थशास्त्र येते. पालकांच्या दृष्टीने हा 'निघून जाणारा' विषय. बाजारात गाइड मिळते, त्यात 'फरक स्पष्ट करा' ची उत्तरे तयार असतात, आणि ती पाठ करून पोरे खरोखरच निघून जातात. वाईट एवढ्याचेच वाटते की, पुढे शेती, कर्ज, भिशी, पतसंस्था, दुकान हे सगळे ज्यांना सांभाळायचे असते ती हीच पोरे.

आता शीर्षकातल्या अंड्यांकडे येतो.

२०१९ साली आमच्या शेजारच्या वाळवा तालुक्यातून निघालेले कडकनाथ कोंबड्यांचे प्रकरण महाराष्ट्रभर गाजले. कडकनाथ ही मूळची मध्य प्रदेशातल्या झाबुआकडची काळी कोंबडी, मांसही काळे. २०१८ साली तिला भौगोलिक मानांकन मिळाले आणि तिचे नाव आणखी झाले. योजना ऐकायला गोड होती. तुम्ही पैसे भरा, कंपनी पिल्ले देईल, खाद्य देईल, आणि अंडी चढ्या भावाने कंपनीच परत घेईल. बाजार शोधण्याची यातायात नाही! गावोगाव शेड उभ्या राहू लागल्या. सोने गहाण पडले.

प्रकरण फुटण्याच्या आधीच्या हिवाळ्यात अकरावीतला एक मुलगा तास संपल्यावर माझ्याकडे आला. "सर, आमच्यात कडकनाथ करायचं चाललंय. आज्जीच्या पाटल्या ठेवून पतसंस्थेतनं पैसं काढणार हायत. करावं का?"

मी म्हटले, "करावे की नाही हे मी सांगणार नाही. उद्या वर्गात हिशेब मांडू." दुसऱ्या दिवशी मागणी-पुरवठ्याचा तास होता. मी वर्गाला एकच प्रश्न घातला. ही अंडी खाणार कोण?

कोणी म्हणाले मुंबईची माणसे. कोणी म्हणाले मोठी हॉटेले. मी विचारले, तुमच्यापैकी कोणी शिराळ्याच्या, कोकरूडच्या, कराडच्या बाजारात हे अंडे विकताना पाहिले आहे? एकाही हाताची हालचाल नाही. मग तो मुलगा स्वतःच म्हणाला, "सर, एजंट म्हणतोय अंडी खायाला न्हाईतच. ती उबवून पिल्लं करायची, आन् ती पिल्लं दुसऱ्या शेतकऱ्याला द्यायची."

"ठीक. मग त्या दुसऱ्याची अंडी?"

"तिसऱ्याला."

खडू मी त्याच्या हातात दिला. आकडे आम्ही मनचेच घेतले, पण बेताचे घेतले. समजा, एका शेतकऱ्याकडे ऐंशी कोंबड्या अंड्यावर आल्या. एकीने वर्षाला शंभर अंडी दिली. आठ हजार अंडी. निम्मी उबली तरी चार हजार पिल्ले. एका नव्या शेतकऱ्याला शंभर पिल्ले लागतात, म्हणजे या एका घराचा माल खपायला चाळीस नवी घरे हवीत. त्या चाळिसांचा खपायला सोळाशे. त्यांचा खपायला चौसष्ट हजार. आणि चौथ्या पायरीला? मुलगा गुणाकार करून मागे वळला. पंचवीस लाख साठ हजार. मी शेजारी दुसरा आकडा लिहिला. २०११ च्या जनगणनेप्रमाणे सांगली जिल्ह्याची सगळी लोकसंख्या, पाळण्यातल्या पोरांसकट, अठ्ठावीस लाख बावीस हजार.

वर्गात कोणी हसले नाही. एजंट चोर आहे असे मी म्हटले नाही. मला ते ठाऊक नव्हते. मी एवढेच म्हटले की, ज्या मालाला खाणारा गिऱ्हाईक नाही, त्या मालाचा भाव नव्या येणाऱ्याच्या खिशातून निघतो, आणि नवा येणारा थांबला की भावही थांबतो.

मुलाने घरी जाऊन हे सगळे सांगितले. वडील उखडले. "मास्तरला धंद्यातलं काय कळतंय?" (चपलांचा पुरावा त्यांच्या बाजूने होता.) पण पाटल्या आज्जीच्या होत्या. म्हातारी चुलीपुढून उठली आणि म्हणाली, "पोरगं काय वाकडं इचारतंय? येवढी अंडी खातंय कोण, तेवढं इचारून ये की!" वडील विचारायला गेले. एजंटाने पुष्कळ सांगितले, पण खाणाऱ्याचे नाव सांगितले नाही. पाटल्या घरात राहिल्या.

ही गोष्ट मी एवढ्यावर सोडली तर ती फार गोंडस होईल. त्याच वर्गात तिसऱ्या बाकावर एक मुलगी होती. हुशार, अक्षर मोत्यासारखे. फळ्यावर गुणाकार चालला होता तेव्हा ती वहीत काहीच लिहीत नव्हती. तिच्या घरची शेड चार महिन्यांपूर्वीच उभी राहिली होती. तास संपल्यावर ती म्हणाली, "सर, आमी कितव्या पायरीवर आसंल?" मी तिला म्हटले, ते बाहेरून सांगता येत नाही, पण वडिलांना सांग, पुढचे पैसे घालू नका, आणि दिलेल्या पैशांच्या पावत्या नीट ठेवा. पावत्या त्यांनी ठेवल्या. पुढच्या वर्षी कंपनी बंद पडली, पोलिसांत तक्रारी झाल्या, शेतकऱ्यांचे मोर्चे निघाले. मुलगी बारावीला वर्गात आली नाही. एका कापडाच्या दुकानात कामाला लागली आणि परीक्षा बाहेरून दिली. अर्थशास्त्रात तिला शंभरपैकी ब्याऐंशी मिळाले, हे तिनेच मला दुकानात कापड मोजता मोजता सांगितले. शेड अजून उभी आहे. तिच्यात आता कडबा भरतात.

तेव्हापासून मी एक नेम केला. कोणतीही नवी योजना गावात आली, दामदुप्पट असो, शेअरची टीप असो, परदेशी झाडाची लागवड असो, की ती वर्गात घ्यायची आणि तिला तीन प्रश्न विचारायचे. माल शेवटी वापरणार कोण? तो आज कुठे आणि काय भावाने विकत घेतो? आणि सांगणाऱ्याला पैसे मालातून मिळतात की तुमच्या भरण्यातून? पोरांना याची इतकी गोडी लागली की, घरोघरच्या चुलत्यांनी आणि मामांनी माझ्या नावाने बोटे मोडली.

शेवटच्या वर्षी राष्ट्रीय उत्पन्नाच्या प्रकरणाला मी मुलांना घरचे काम दिले होते. पिगू नावाच्या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने एक गमतीचे कोडे घातले होते. एखाद्याने पगारी मोलकरणीशीच लग्न केले तर काम तेच राहते, पण देशाचे उत्पन्न तेवढे घटते! आपल्या सरकारने २०१९ साली देशभर लोकांच्या वेळेची पाहणी केली. घरच्यांसाठी बिनपैशाचे घरकाम करणाऱ्या बायका त्यात रोज सरासरी २९९ मिनिटे घालवतात, आणि असे काम करणारे पुरुष ९७ मिनिटे, असे त्यात निघाले. मी म्हटले, दिल्लीचा आकडा राहू द्या. रविवारी वही घेऊन बसा आणि आपापल्या आईचा दिवस लिहून काढा. कोणी पैऱ्याने दुसऱ्याच्या भांगलणीला गेली असेल तर तेही लिहा. त्यातही पैसा हात बदलत नाही.

सोमवारी वह्या आल्या. पुष्कळांनी अंदाजपंचे लिहिले होते, ते लगेच ओळखू आले. एका मुलीने मात्र पहाटे पाचपासून लिहिले होते. धार, शेण, पाणी, भाकरी, भांगलण, पुन्हा धार. रात्री दहापर्यंतची बेरीज नऊशे चाळीस मिनिटे, आणि त्यांतल्या एकाही मिनिटाला कुणी रुपया दिलेला नाही. तिने वही आईला वाचून दाखवली होती. आई काय म्हणाली, असे मी विचारले.

"म्हणाली, लिवत बसलीयास तवर तव्याकडं बघ. भाकरी करपाय लागली."